उन्हात ठेवलेलं मटण

शुक्रवारी दुपारी यशोधरा ऑफिसात डबा उघडत होती, तेवढ्यात श्रेयाचा फोन आला.

"संध्याकाळी घरी आहेस ना? आम्ही जेवायलाच येतो तुझ्याकडं." श्रेयाचा आवाज दबका होता. "मी नाही, आई म्हणतायत."

"कोण, मावशी?"

"अगं हो. दवाखान्यात बसल्या बसल्या म्हणाल्या, दरवेळी तुझ्या त्या मैत्रिणीच्या दारावरनं जातो, आज तिच्याकडंच जेवू. दादांचे डोळे तपासून झाले की मी, सुदर्शन आणि हे दोघं. जेवून तसेच पेठला जाऊ. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" यशोधरा म्हणाली आणि तिनं डबा तसाच बंद केला.

श्रेया आणि ती एकाच ऑफिसात पर्यवेक्षिका होत्या. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या अंगणवाड्या दोघी मिळून बघायच्या, एका स्कूटीवर जायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. श्रेयाचे सासू-सासरे, सारजाबाई आणि धर्माजी म्हणजे दादा, आंबेगाव तालुक्यात पेठला शेती करून राहायचे. अधूनमधून जुन्नरला लेकाकडं, सुदर्शनकडं, आले की सारजाबाई यशोधराच्या घरीही डोकवायच्या. गप्पा मारायच्या, तिच्या कुंड्यांतल्या मिरच्या बघायच्या, पण चहा कधी घ्यायच्या नाहीत. "आत्ताच झाला गं बाई." पाण्याचा पेला पुढं ठेवला तर तो उठेपर्यंत भरलेलाच राहायचा. कुणी काही बोललं नव्हतं. यशोधराचं माहेर बौद्ध, सासरही बौद्ध. न उचललेल्या पेल्याचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं श्रेयाला कधी विचारलं नाही आणि श्रेयानंही कधी विषय काढला नाही.

त्यामुळं ते "आई म्हणतायत" घरी पोचेपर्यंत तिच्या कानात घुमत राहिलं.

घरी आली ती थेट फ्रिजपाशी. मागच्या रविवारी तिचे सासरे बाजीराव यांनी मढहून बोकडाचा वाटा पाठवला होता. डोंगरात चरलेलं जनावर, जुन्नरच्या दुकानात तसं मटण मिळायचं नाही. तिचा नवरा रुपेश पिशवी घेऊन आला, तिनं निम्मं त्याच दिवशी शिजवलं आणि उरलेलं त्याच पिशवीत गाठ मारून फ्रीझरमध्ये कोंबलं. आता ते बाहेर काढलं तर हातात दगडच आला. छोट्या छोट्या पुड्या करून ठेवलं असतं तर, असं तिला वाटून गेलं. पण ते आता वाटून उपयोग नव्हता.

असं गोठलेलं मटण लवकर कसं सोडवायचं हे तिला नीट माहीत होतं. पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवायची, थोड्या थोड्या वेळानं पाणी बदलायचं आणि सुटलं की लगेच शिजायला टाकायचं. हाताशी वेळ असेल तर आदल्या दिवशीच खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं. बाहेर ठेवायचं नाही, गरम पाण्यात घालायचं नाही. अंगणवाडीतल्या सेविकांना ती दर महिन्याला हेच सांगायची, अन्न उघडं ठेवू नका, उबेला ठेवू नका. पण पाणी बदलायला घरी कुणी नव्हतं. रुपेश स्टँडजवळच्या त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, आणि तिला दुपारच्या मीटिंगला परत जायचं होतं.

तिनं एक पातेलं घेतलं, पिशवी सोडून मटणाचा गोळा त्यात ठेवला आणि पातेलं गच्चीवर नेलं. एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वर चाळण पालथी घातली, चाळणीवर वीट ठेवली. तासाभरात येतेच, असं स्वतःला सांगून ती निघाली.

मीटिंग लांबली. वरिष्ठ पुण्याहून आले होते आणि एकेका गावाचा आढावा घेत होते. यशोधराचं निम्मं लक्ष खिडकीबाहेरच्या उन्हाकडं होतं. उठून जावं असं तिला दोनदा वाटलं. पण काय सांगणार, गच्चीवर मटण ठेवलंय म्हणून?

ती घरी पोचली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. गच्चीवर जाऊन तिनं चाळण उचलली. पातेल्यात तळाशी लालसर पाणी जमलं होतं. कडेचे तुकडे सुटून कोमट झाले होते, मधला गोळा अजून कडक होता. तिनं नाक जवळ नेलं. वास होता, पण मटणाला वास असतोच. पुन्हा वास घेतला. कडेच्या तुकड्यांना काहीतरी उबट, जडसर येत होतं, की तिलाच तसं वाटत होतं?

रुपेश दुकान लवकर बंद करून आला, तर ती सिंकपाशी मटणाला हळद-मीठ चोळत होती. तिनं त्याला सांगितलं.

"मग सोड की," तो म्हणाला. "चौकातनं चिकन आणतो. धा मिनटात येतो."

"ब्रॉयलर? पहिल्यांदा जेवायला येतायत त्या माझ्याकडं."

"मग पिठलं-भाकरी कर. नायतर अंडी."

"रुपेश, त्यांच्या घरी मी गेले की त्या मला मटण करून घालतात. आणि मी अंडी घालू? काय म्हणतील?"

रुपेशनं पातेल्यात वाकून बघितलं. "तसं वाईट दिसत न्हाई. दोन शिट्ट्या जास्ती दे. उकळीत सगळं मरतंय."

सगळं मरत नाही, हेही तिला माहीत होतं. उबेला राहिलेल्या मांसात एकदा विष तयार झालं की ते उकळूनही जात नाही, असं प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. तिनं ते आठवलं आणि गॅस पेटवला.

पाहुणे आले तेव्हा घरभर मसाल्याचा वास होता. धर्माजी डोळ्यांवर काळा चष्मा लावून हळूहळू आत आले. सुदर्शननं त्यांना खुर्चीवर बसवलं. सारजाबाई भिंतीवरच्या बुद्धांच्या फोटोखाली सतरंजीवर बसल्या. यशोधरानं पाणी आणलं. सारजाबाईंनी पेला उचलला, वरनं न पिता ओठाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आनखी दे गं. लई ऊन हाय."

श्रेयानं यशोधराकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. यशोधरा पाणी आणायला आत गेली आणि ओट्याला धरून क्षणभर उभी राहिली. कुकर गार झाला होता. अजूनही वेळ होता. डाळ होती, भात होता. मटण बिघडलं, असं एक वाक्य बोलायचं होतं. तिनं पेला भरला आणि बाहेर नेला.

पहिलं ताट तिनं स्वतःचं वाढलं, तेही आत ओट्यापाशीच. कडेचे वाटणारे दोन तुकडे उभ्या उभ्या खाल्ले. चव चांगली होती. काही होणारच असेल तर आधी मला होऊ दे, असं ती मनात म्हणाली. पण तसं काही लगेच होत नसतं हेही तिला कळत होतं.

जेवण रंगलं. बाजरीची भाकरी चुरून धर्माजींनी रश्शात कालवली.

"हे मटान कुठलं म्हनायचं?"

"मढचं, काका. आमच्या आबांनी पाठवलंय."

"तरीच. डोंगराचं हाय. वाढ अजून, नळी घाल एखादी."

यशोधराची पळी पातेल्यावर थांबली. "काका, तेलकट आहे, पुरे आता. डोळ्यात औषध घातलंय ना."

"डोळ्यात घातलंय, पोटात न्हाई." धर्माजी हसले. "वाढणारीनंच हात आखडल्यावर पावण्यानं काय करायचं?"

सगळे हसले. तिनं वाढलं. सारजाबाईंनीही परत घेतलं. निघताना त्यांनी यशोधराच्या पाठीवरनं हात फिरवला. "हाताला चव हाय तुझ्या. आता परत पेठला ये तू, मी करून घालते." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी यशोधरा दारात उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता.

सकाळपर्यंत तिला चार उलट्या झाल्या. रुपेशचंही पोट बिघडलं होतं, पण तो उभा होता. मीठ-साखरेचं पाणी घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा श्रेयाचा फोन आला.

"दादांना मंचरला ॲडमिट केलंय." श्रेया रडत होती. "रात्रीपासून उलट्या, जुलाब. सकाळी उठवेना. शुगर पण खाली गेली. आईंनाही त्रास झाला, पण कमी. मला नि सुदर्शनला थोडं मळमळलं."

यशोधरानं हातातला पेला खाली ठेवला.

"माझ्यामुळं झालं सगळं," श्रेया म्हणाली. "येताना नारायणगावला मीच हट्टानं उसाचा रस पाजला. आई नको म्हणत होत्या, बर्फ चांगला नसतो म्हणत होत्या. आता सकाळपासून तेच चाललंय. तुला बरं आहे ना?"

"श्रेया, माझ्याकडचं जेवण..."

"छे गं. ते मी विचारलं. आई म्हणाल्या, तिच्याकडचं सगळं वाफाळतं होतं, समोर कढ येत होता. उगाच तिचं नाव घेऊ नका. हे त्या बर्फाचंच."

कुणीतरी हाक मारली आणि श्रेयानं फोन ठेवला.

यशोधरानं रुपेशला सगळं सांगितलं.

"सलाइन लावलंय ना त्यांना? मग हुतील बरं," तो म्हणाला. "तू काय सांगू नको."

"श्रेया माझ्या वाटची बोलणी खातेय."

"खाईल दोन दिस. तिचं घर हाय ते, इसरून जातील. आपलं न्हाई इसरायचे." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू म्हणशील मटणाला ऊन लागलं. ते काय म्हणतील तुला म्हाईत हाय. 'त्यांच्यात जेवलो आन् हे झालं.' म्हातारी इतक्या वर्षांनी पाणी प्याली तुझ्या घरचं. पुढच्या येळंला कुणी पिईल का?"

हे सगळं तिच्याही मनात येऊन गेलं होतं. त्याचं चुकत होतं असं तिला म्हणता येईना. पण सारजाबाई तिचं नाव कुणाला घेऊ देत नव्हत्या, हे तिला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागत होतं. त्यांनी तिची बाजू घेतली होती आणि ती घेण्यासारखी नव्हती.

"डॉक्टर त्या बर्फावर विचार करत बसतील," ती म्हणाली. "काय खाल्लं ते त्यांना कळायला नको?"

"मग मी येतो संगं."

"नको. तू झोप. हे माझं आहे."

मंचरपर्यंत एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. नारायणगावला गाडी थांबली, तेव्हा रस्त्याकडेला रसाची गुऱ्हाळं ओळीनं दिसली. एक माणूस फडक्यानं यंत्र पुसत होता. तिनं तोंड फिरवलं.

दवाखान्यात सुदर्शन पॅसेजमध्ये उभा होता. तिला बघून तो चकितच झाला. "वहिनी, तुम्ही? तुमचा चेहरा केवढा उतरलाय!"

"डॉक्टर कुठं आहेत?"

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. यशोधरानं त्यांच्या टेबलाशी उभं राहून सगळं सांगितलं. गोठलेलं मटण दुपारभर उघड्यावर उन्हात ठेवलं, कडा कोमट झाल्या होत्या, नंतर चांगलं शिजवलं, पण रात्रीपासून मलाही तेच होतंय. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले, मान हलवली. "हे कळलं ते बरं झालं. उपचार साधारण तेच राहतील, पण आम्ही एका शंकेवर विनाकारण तपासण्या करत बसलो असतो. त्यांचं वय आणि शुगर, त्यामुळं जास्त त्रास झाला. आता स्थिर आहेत." मग त्या म्हणाल्या, "तुम्हीपण बसा. तुमच्या अंगातलंही पाणी गेलेलं दिसतंय."

ती बसली नाही. धर्माजींच्या खोलीत गेली. ते डोळे मिटून पडले होते, हाताला सुई, ओठ कोरडे पडलेले. काल रात्री नळी चोखणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतका चेहरा आत गेला होता. उशाशी सारजाबाई स्टुलावर बसल्या होत्या. श्रेया खिडकीशी उभी होती, डोळे सुजलेले.

"अगं, तू कशाला आलीस एवढ्या लांब?" सारजाबाई म्हणाल्या.

"मावशी, रसानं झालं नाही. मटणानं झालं."

मग तिनं तेच सगळं परत सांगितलं. इथं ते डॉक्टरांपुढं सांगण्याइतकं सोपं नव्हतं. चाळण, वीट, कोमट कडा, वास. काहीच वगळलं नाही. सारजाबाई तिच्याकडं टक लावून बघत होत्या.

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन् तरी वाढलंस?"

यशोधरानं पलंगाच्या कठड्याला हात टेकला.

"मानूस गेला असता की गं माझा!" सारजाबाईंचा आवाज एकदम चढला. धर्माजींनी डोळे उघडले आणि परत मिटले. "कुनी मागितलं व्हतं मटान? मी म्हनले व्हते का मटानच कर? चटणी-भाकर टाकली असतीस म्होरं तरी मी खाल्ली असती. मी जेवाया आले व्हते, मटान खाया न्हाई!"

"मला वाटलं, पहिल्यांदा येताय..."

"मंग?"

यशोधराला पुढचं बोलता येईना. सारजाबाईही थांबल्या. पहिल्यांदा का, हे दोघींनाही माहीत होतं. सारजाबाईंनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं आणि नजर सलाइनच्या बाटलीकडं वळवली.

"श्रेये," मग त्या सुनेकडं न बघताच म्हणाल्या, "सकाळी लई बोलले तुला. मनात ठिवू नको."

श्रेयानं मान हलवली, पण तिची नजर यशोधरावर होती. "तू सकाळी फोनवर का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, बरं आहे ना म्हणून. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं."

"आलं असतं," यशोधरा म्हणाली.

ओठावर आलेलं ती पूर्ण करू शकली असती. श्रेयानं मध्येच तोडलं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे खरं होतं.

तेवढ्यात दादाभाऊ आले, धर्माजींचे चुलतभाऊ. हातात शहाळी होती. पॅसेजमध्ये सुदर्शननं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण खोलीत शिरताना त्यांनी यशोधराला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"म्हणून मी सांगत असतो वहिनी," ते सारजाबाईंना म्हणाले, "उठून कुठंबी जेवायचं न्हाई. आपल्यात काय कमी हाय का? रीत असती ती काय उगाच न्हाई."

यशोधराचे कान तापले. रुपेशनं सांगितलेलं शब्दाशब्दानं समोर उभं होतं. उत्तर द्यायचा हक्क आपणच घालवला, असं तिला वाटलं. तिनं पर्स उचलली.

"भावजी," सारजाबाई म्हणाल्या, "तुमच्या थोरलीच्या लग्नात पनीर खाऊन निम्मं वऱ्हाड आडवं झालं व्हतं. तवा आपुन कुनाकडं जेवलो व्हतो?"

"ते केटररनं..."

"हां. त्या केटररची जात काढली व्हती का तुमी?"

दादाभाऊंनी शहाळी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांना भेटतो म्हणून बाहेर गेले. सारजाबाई यशोधराकडं वळल्या. त्यांचा राग तसाच होता.

"त्याला बोलले म्हनून तुला माफ केलं असं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू चुकलीस. मोठी चुकलीस. पन ती तुझी चूक हाय, तुझ्या घराची न्हाई. आता जा, बस कुठंतरी. पडशील इथं."

धर्माजी तिसऱ्या दिवशी घरी गेले. अशक्तपणा मात्र बरेच दिवस राहिला, काठी घेतल्याशिवाय त्यांना अंगणात येता येईना. यशोधरा दर रविवारी पेठला जाऊ लागली. रुपेश गाडीवर सोडायचा आणि फाट्यावरच्या टपरीत थांबायचा. तिसऱ्या खेपेला सारजाबाईंनी त्यालाही आत बोलावून घेतलं. यशोधरा धर्माजींच्या पायांना तेल लावायला बघायची, सारजाबाई लावू द्यायच्या नाहीत. मग ती नुसती बसून राहायची, भाजी निवडून द्यायची. सारजाबाई तिच्याशी बोलायच्या, पण पाठीवरनं हात फिरवत नव्हत्या.

एकदा धर्माजी मऊ भात खात होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "काय बी म्हना, मटान मात्र झकास झालं व्हतं."

सारजाबाईंना हसू आवरेना. रुपेशही हसला. यशोधरानं हसायचा प्रयत्न केला आणि तिला रडूच कोसळलं. ती उठून मागच्या पडवीत गेली. मटण चांगलं झालं होतं, हेच तर तिला सोसत नव्हतं. तिला तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात श्रेया काही आठवडे दुसऱ्या टेबलावर डबा खायची. कामापुरतं बोलायची, नीट बोलायची, पण तेवढंच. यशोधरानं एकदा माफी मागितली. श्रेया म्हणाली, "मला राग नाहीये आता. पण त्या दिवशी सकाळी मी किती घाबरले होते, ते तुला माहीत होतं. ते डोक्यातून जात नाही." यशोधरानं परत माफी मागितली नाही. मागून ते जाण्यासारखं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला दोघींना इंगळूनकडच्या अंगणवाड्या बघायच्या होत्या. एसटी नव्हती आणि श्रेयाची गाडी गॅरेजला होती. यशोधरा स्कूटी घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली. श्रेया बाहेर आली, क्षणभर थांबली, मग ओढणी बांधून मागं बसली.

"हळू चालव," ती म्हणाली. "रस्ता खराब आहे."

"हो," यशोधरा म्हणाली, आणि त्या निघाल्या.